एका कुरवाची ओळख

मार्गशीर्षाची थंडी पडू लागली, म्हणजे काशीच्या घाटांवर आणि प्रयागच्या संगमावर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. नावेतला यात्रेकरू मूठभर शेव पाण्यावर फेकतो आणि क्षणार्धात नावेभोवती पंखांची आणि कर्कश हाकांची एकच झुंबड उडते. मुंबईचा किनारा, ओडिशातील चिलिका सरोवर, गुजरातमधील खाड्या, सगळीकडे हिवाळ्यात हे पाहुणे दिसतात. गंगेवरचा नावाडी त्यांना सरसकट ‘सायबेरियाचे पक्षी’ म्हणतो. मराठीत त्यांना कुरव असे छोटेसे नाव आहे. शहरांतून आता सीगल हा शब्दही रुळला आहे.

पाहणाराला हे सगळे पक्षी एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटतात. पांढरे अंग, राखी पाठ, पंखांची टोके काळी. त्यांत निरनिराळ्या जाती आहेत, हे सांगितले तरी पटत नाही. आणि याबद्दल त्याला दोष देता येणार नाही; कारण कुरवांची ओळख हा पक्षिशास्त्रातील मोठमोठ्यांना चकविणारा विषय आहे. त्या चकव्याची एक कहाणी मध्य आशियातील वाळवंटात सुरू झाली आणि तिचा उलगडा होण्यास सुमारे चाळीस वर्षे लागली. पक्षी खरोखर आहे की नाही, एवढाच वादाचा प्रश्न होता.

ही कहाणी समजण्यासाठी कुरवाचा वर्षक्रम थोडा ध्यानात घ्यावा लागतो. उन्हाळ्यात, विणीच्या दिवसांत, कित्येक कुरवांच्या डोक्यावर गडद रंगाची टोपी चढते. भारतात येणाऱ्या एका कुरवाची टोपी तपकिरी असते. दुसऱ्याची, म्हणजे जवळजवळ घारीएवढ्या थोराड अशा पल्लास कुरवाची, काळीभोर असते. या टोपीवरून ओळख पटणे त्या मानाने सोपे. परंतु वीण संपली की पिसे झडतात, टोपी उतरते आणि डोके पांढरे होते. कानामागे एखादा काळसर ठिपका किंवा मानेवर बारीक रेघा, एवढीच खूण मागे राहते. म्हणजे ज्या काळात हे पक्षी भारतात येतात, नेमक्या त्याच काळात त्यांनी आपली ओळखपत्रे घरी ठेवलेली असतात.

याखेरीज वयाचा घोळ असतो. लहान कुरवांना प्रौढ वेष चढण्यास दोन वर्षे लागतात, तर पल्लास कुरवासारख्या मोठ्यांना चार. तोवर त्यांची पिसे दर ऋतूला पालटत राहतात, म्हणून एकाच जातीचे चार पक्षी शेजारी शेजारी बसले तरी ते चार जातींचे भासावेत. न्यूयॉर्कचे डॉक्टर जोनाथन ड्वाइट यांनी १९२५ मध्ये जगातील कुरवांवर एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी पिसांच्या या पालटांचा जातवार हिशेब मांडला. त्या ग्रंथाला चारच वर्षे झाली असतील-नसतील, तोच त्या हिशेबात न बसणारा एक पक्षी गोबीच्या वाळवंटात हाती आला.

स्वीडनचे विख्यात प्रवासी स्वेन हेडिन यांची मोहीम तेव्हा मध्य आशियात फिरत होती. १९२७ मध्ये निघालेल्या या मोहिमेत स्वीडिश आणि चिनी विद्वान एकत्र काम करीत होते. भूगोल, हवामान, प्राचीन अवशेष, वनस्पती, प्राणी, असा कोणताही विषय त्यांनी वर्ज्य मानला नव्हता. दक्षिणेकडील पर्वतांतून निघून उत्तरेस गोबीत शिरणाऱ्या आणि अखेर वाळवंटातील सरोवरांत विरून जाणाऱ्या एत्सिन-गोल या नदीच्या काठी मोहिमेचे एक ठाणे होते. तेथे एप्रिल १९२९ मध्ये मोहिमेतील सॉडरबोम नावाच्या सदस्याला एक काळ्या टोपीचा कुरव मिळाला. त्याचे कातडे वाळवून इतर नमुन्यांबरोबर स्टॉकहोमला रवाना झाले.

स्टॉकहोमच्या संग्रहालयात आयनार लोनबर्ग या अनुभवी प्राणिशास्त्रज्ञांनी तो नमुना तपासला. आकाराने तो मध्यम, टोपी काळी, डोळ्यांच्या वरखाली ठळक पांढऱ्या कोरी. युरोपात भूमध्य समुद्राभोवती आढळणारा एक काळ्या टोपीचा कुरव त्यांच्या चांगल्या परिचयाचा होता आणि हा पक्षी त्याच्याच कुळातला दिसत होता. परंतु भूमध्य समुद्र कोठे आणि गोबी कोठे! १९३१ मध्ये लोनबर्ग यांनी त्याला भूमध्य कुरवाची एक दूरस्थ उपजाती ठरविले आणि तिला लॅटिन नाव दिले ‘रेलिक्टस’, म्हणजे मागे उरलेला.

पुढे जे घडले त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता, की आळसही नव्हता. उलट ते शास्त्राच्या शिस्तीला धरूनच घडले. एका नमुन्यावरून काय काय सिद्ध होते, हा प्रश्न विद्वानांनी विचारला आणि तो विचारणे रास्तच होते. वर्षांमागून वर्षे गेली, तरी या पक्ष्याचे घरटे कोणी पाहिले नाही, त्याची पिले कोणाला दिसली नाहीत. मग त्याच्याविषयी निरनिराळे तर्क निघाले. कोणी म्हणाले, तपकिरी टोपीच्या कुरवाचाच हा एखादा रंगभेद असावा. पुढे ज्या मताने अधिक मूळ धरले ते असे, की हा संकर आहे. पल्लास कुरवाची काळी टोपी आणि तपकिरी टोपीच्या कुरवाचा आटोपशीर बांधा, या दोहोंचा मेळ या पक्ष्यात पडलेला दिसतो. दोन्ही कुरव मध्य आशियात वीण करतात. कुरवांत संकर होतात हेही प्रसिद्ध आहे. तेव्हा आणखी काय हवे? चार्ल्स व्होरी यांच्यासारख्या आशियाई पक्ष्यांच्या गाढ्या अभ्यासकाने १९६२ मध्ये या प्रश्नाची पुन्हा चर्चा केली, तेव्हाही या पक्ष्याला स्वतंत्र जातीचे स्थान मिळाले नाही.

येथे भारतीय श्रोत्याने क्षणभर थांबावे असा योग आहे. या वादात ज्यांना ‘आईबाप’ ठरविण्यात आले, ते दोन्ही कुरव भारताचे नेहमीचे हिवाळी पाहुणे. तपकिरी टोपीचा कुरव लडाखच्या आणि तिबेटच्या उंच सरोवरांवर वीण करून किनाऱ्यांवर आणि मोठ्या नद्यांवर उतरतो. पल्लास कुरव त्याच्याच शेजारी, संख्येने थोडा, पण बांध्याने भारदस्त असा दिसतो. काशीच्या घाटावरच्या थव्यात जे दिसते, त्याच्याच आधाराने गोबीतल्या पक्ष्याचे कोडे सोडविले जात होते.

संकराच्या या तर्कात एक दोष होता, आणि तो तर्काच्या सोयीतच दडलेला होता. पक्षी संकर आहे असे एकदा ठरले, म्हणजे त्याचा शोध घेण्याचे कारण उरत नाही. स्वतंत्र जातीला घर असते, विणीची जागा असते, जाण्यायेण्याचे मार्ग असतात. ते शोधावे लागतात. संकराला यांतले काहीच नसते. तो केवळ अपवाद म्हणून नोंदला जातो आणि नोंद झाली की प्रकरण मिटते. ज्ञात गोष्टींची बेरीज करून अज्ञात गोष्टीचा निकाल लावण्याची ही पद्धत कचेरीत, न्यायालयात आणि प्रयोगशाळेत सारखीच चालते. बहुतेक वेळा निकाल बरोबरही ठरतो. पण जेव्हा तो चुकतो, तेव्हा चूक उघडकीस आणणारा पुरावा गोळा करण्याचे दारच त्याने बंद केलेले असते.

हे दार उघडले कझाकस्तानात, चीनच्या सरहद्दीजवळच्या अलाकोल नावाच्या खाऱ्या सरोवरात. कझाक भाषेचे थोर साहित्यिक मुख्तार औएझोव यांचे चिरंजीव एर्नार औएझोव हे तरुण प्राणिशास्त्रज्ञ तेथील बेटांवरील पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांना तेथे काळ्या टोपीच्या, डोळ्यांभोवती पांढऱ्या कोरी असलेल्या मध्यम कुरवांची अख्खी वसाहत आढळली. एक नव्हे, दोन नव्हे, अनेक जोड्या दाटीवाटीने घरटी करून बसल्या होत्या. नर तसाच, मादीही तशीच. संकराची संतती एखाद्-दुसरी असते आणि तिच्यात नाना छटा दिसतात. येथे मात्र सारे पक्षी एकसारखे होते आणि आपापसांतच जोड्या जमवून पिढी चालवीत होते. औएझोव यांचे निष्कर्ष १९७० च्या सुमारास प्रसिद्ध झाले आणि स्टॉकहोमच्या त्या एकाकी कातड्याला अखेर गणगोत मिळाले. रशियातील बैकालपलीकडच्या तोरेय सरोवरांवरही त्याच पक्ष्याची वीण असल्याचे उजेडात आले.

यापुढचा अध्याय अधिकच बोधप्रद आहे. २००५ मध्ये जनुकांच्या अभ्यासावरून कुरवांच्या कुळांची नव्याने मांडणी झाली. तीत हा मध्य आशियाई कुरव भूमध्य कुरवाच्या आणि पल्लास कुरवाच्या पंक्तीला बसला. तपकिरी टोपीचा कुरव मात्र निराळ्याच शाखेत गेला. म्हणजे लोनबर्ग यांनी एकाच नमुन्यावरून, केवळ डोळ्यांच्या आणि अनुभवाच्या बळावर, जे नाते ओळखले होते ते खोटे नव्हते. ‘उपजाती’ म्हणण्यात त्यांची चूक झाली, पण कुळ त्यांनी बिनचूक सांगितले होते.

जात सिद्ध झाली, विणीच्या जागा कळल्या. तरी हे पक्षी हिवाळ्यात जातात कोठे, हा प्रश्न उरलाच होता. येथे पुन्हा तीच जुनी अडचण आडवी आली. टोपी उतरलेला हा कुरव इतर पांढऱ्या डोक्यांच्या गर्दीत मिसळून जात असे. कशाकडे पाहायचे, हेच माहीत नसल्यामुळे समोरचा पक्षीही दिसत नसे. हळूहळू निरीक्षकांनी खुणा जुळविल्या. सामान्य काळ्या टोपीच्या कुरवाला हिवाळ्यात कानामागे ठळक ठिपका असतो आणि त्याचे पाय लाल असतात. याच्या मानेवर मागच्या बाजूस बारीक गडद रेघा असतात आणि पाय काळपट असतात. तपकिरी टोपीच्या प्रौढ कुरवाचा डोळा फिकट असतो, याचा गडद. चिखलातून चालण्याची याची ढबही निराळी, टिटवीच्या कुळातल्या चिखल्या पक्ष्यांसारखी. चार पावले धावावे, थांबावे, खेकडा टिपावा आणि पुन्हा धावावे. रंगाने फसविले, तरी चाल सहसा फसवीत नाही.

या खुणांच्या साह्याने उत्तर सापडले ते चीनच्या ईशान्य किनाऱ्यावर. बोहाय उपसागराच्या काठी, त्येनजिन शहराच्या परिसरात, ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या विस्तीर्ण चिखलपट्ट्यांवर या जातीचे बहुसंख्य पक्षी हिवाळा काढतात. थोडे कोरियाच्या किनाऱ्यावरही जातात. साऱ्या जगात यांची संख्या काही हजार, फार तर वीसेक हजार मानली जाते. एवढ्या जातीचा बहुतांश भाग हिवाळ्यात एकाच उपसागरावर विसंबून असावा, ही गोष्ट चिंता वाटावी अशीच आहे.

कारण तो उपसागर मोकळा नाही. गेल्या काही दशकांत तेथे बंदरे, कारखाने आणि वसाहती यांसाठी समुद्र हटवून भराव घालण्यात आला आणि खेकड्यांनी भरलेले चिखलपट्टे भिंतीआड गेले. २०१८ मध्ये चीनने व्यापारी कामांसाठी होणाऱ्या अशा भरावांवर कडक निर्बंध घातले. पण गेलेला चिखल परत येत नाही. विणीच्या प्रदेशातही स्थैर्य नाही. हा पक्षी उथळ खाऱ्या सरोवरांतील बेटांवरच घरटी करतो. पाणी आटले की बेट किनाऱ्याला जोडले जाते आणि कोल्ह्यांना वाट मिळते. पाणी चढले की बेटच बुडते. म्हणून वसाहती एका सरोवरावरून दुसऱ्यावर हलत राहतात. आंतर-मंगोलियातील ऑर्दोस पठारावर १९९० मध्ये एक मोठी वसाहत सापडली होती. पुढे तेथील पाणी आटले आणि पक्षी शेन्सी प्रांताच्या सीमेवरील होंगज्येननाव सरोवराकडे वळले. तेही सरोवर पुढे आकसू लागले.

तथापि आता निदान या पक्ष्याची बाजू मांडता येते. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधी १९७५ पासून अमलात असलेल्या कराराच्या सर्वांत कडक यादीत त्याचे नाव आहे. चीनने त्याला पहिल्या श्रेणीचे संरक्षण दिले आहे. अलाकोलच्या परिसरात १९९८ मध्ये राखीव क्षेत्र स्थापन झाले, आणि तोरेय सरोवरांचा प्रदेश २०१७ मध्ये जागतिक वारशात समाविष्ट झाला. हे सारे ज्या पक्ष्यासाठी झाले, तो पक्षी १९६९ पर्यंत बहुतेक विद्वानांच्या हिशेबी अस्तित्वातच नव्हता. संकरासाठी कोणी सरोवर राखीत नाही आणि अपवादासाठी कोणी किनारा सोडून देत नाही. औएझोव अलाकोलच्या बेटावर आणखी वीस-तीस वर्षे उशिरा पोहोचले असते, तर त्यांना तेथे किती घरटी दिसली असती, हे सांगणे कठीण आहे.

हिवाळ्यात काशीच्या घाटावर किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर कुरवांचा थवा उतरेल, तेव्हा त्यात गोबीचा तो दुर्मिळ पाहुणा असण्याचा संभव फारच थोडा. असतील ते बहुधा ओळखीचेच; तपकिरी टोपीचे, काळ्या टोपीचे, एखादा थोराड पल्लास. परंतु ओळखीचे आहेत असे म्हणण्यापूर्वी त्यांच्या पायांचा रंग, डोळ्यांची छटा आणि मानेवरच्या रेघा एकदा पाहून घेण्यास हरकत नसावी. स्टॉकहोमच्या कपाटातील त्या एका कातड्याला तेवढ्या निरखण्यासाठी चाळीस वर्षे वाट पाहावी लागली होती.