मोटारीचे कूळ आणि कारागिराचा हात

पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत लंडनमधील एखाद्या धनिकाने रोल्स-रॉइस मोटारीची मागणी नोंदवली, म्हणजे कंपनी त्याच्या हवाली जी वस्तू करी तिला मोटार म्हणणे अवघडच होते. इंजिन, चाके, सुकाणू, पुढचा रेडिएटर आणि हा सारा भार पेलणारी पोलादी शॅसी एवढाच तो सरंजाम असे, आणि आसने, दारे, टप, काचा, रंग ही उरलेली सिद्धता दुसऱ्याच एखाद्या पेढीकडून गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे करवून घ्यावी लागे. आपल्याकडे ट्रकची नुसती शॅसी घेऊन बॉडी वेगळी बांधून घेण्याची वहिवाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही पद्धत समजावून सांगण्याचे कारण नाही. तयार साच्याची पोलादी बॉडी घातलेली संपूर्ण मोटार या कंपनीने 1946 मध्ये प्रथम विक्रीस काढली, तीही बेंटले या नावाने. खुद्द रोल्स-रॉइस नावाच्या तशा मोटारीस 1949 साल उजाडावे लागले.

बॉडी बांधणाऱ्या या पेढ्या मोटारीहून कितीतरी जुन्या. बार्करची स्थापना 1710 ची, हूपरची एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाची. राजेरजवाड्यांच्या घोडागाड्या घडवता घडवता त्यांचे सुतार, लोहार, रंगारी आणि गाद्या शिवणारे कारागीर मोटारीच्या कामाकडे वळले, आणि अ‍ॅश लाकडाचा सांगाडा जोडून त्यावर हाताने वळवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवण्याची जी विद्या त्यांनी सिद्ध केली तिला तोड नव्हती. ही विद्या टिकली नाही. बार्कर 1938 मध्ये हूपरमध्ये विलीन झाली, हूपरनेही 1959 मध्ये हे काम थांबवले, आणि 1965 च्या सिल्व्हर शॅडो मोटारीत वेगळी शॅसीच उरली नाही. कारागीर गेले, त्यांच्या हाताची ओळख पटवण्याचे काम मग हौशी अभ्यासकांनी अंगावर घेतले. इंग्लंडात 1934 मध्ये जुन्या मोटारींच्या हौशी लोकांचा व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब निघाला, 1957 मध्ये खास रोल्स-रॉइसप्रेमींचा क्लब स्थापन झाला, आणि या मंडळींच्या चिकाटीमुळे एका छंदाला शास्त्राची शिस्त लाभली.

जाणता अभ्यासक रेडिएटरवर फारसा विसंबत नाही, कारण रेडिएटर सांगतो ते शॅसीचे घराणे, बॉडीचे नव्हे. त्यावरील नाममुद्रेची तांबडी अक्षरे 1933 च्या सुमारास काळी झाली, हे ध्यानी ठेवून काळाचा अंदाज बांधता येतो खरा, पण रेडिएटर बदलता येतो हेही विसरून चालत नाही. म्हणून तो पाहतो काचांखालून मागे धावणारी कंबररेषा, पुढच्या काचेचा खांब बॉनेटला कुठे भिडतो ती जागा, आणि पाठीचा उतार. युद्धोत्तर हूपरच्या कित्येक गाड्यांत पुढच्या मडगार्डची रेषा मागच्या चाकाकडे सावकाश ओघळत जाते आणि ते चाक पत्र्याआड जाते. एकदा ती पाहिलेला डोळा पुन्हा सहसा फसत नाही. दाराच्या मुठी आणि दिवे मात्र फसवतात, कारण ते अनेक पेढ्या एकाच पुरवठादाराकडून विकत घेत. डोळ्याने मत दिले की हाताने खातरजमा करायची: दाराच्या पायपट्टीवर पेढीच्या नावाची धातूची पट्टी आहे काय, आसनाखालच्या लाकडावर बॉडीचा क्रमांक ठोकला आहे काय, दाराचे आतले अस्तर काढल्यावर त्यामागच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेला तोच आकडा सापडतो काय. शेवटी दफ्तराची साक्ष. कंपनीने प्रत्येक शॅसीची स्वतंत्र नोंद ठेवली होती. तीत खरेदीदाराचे नाव, शॅसी कोणत्या पेढीकडे रवाना झाली तो तपशील आणि पुष्कळदा गाडी कोणत्या मुलखात वापरायची हेही लिहिलेले असे. डोळा, लाकूड आणि कागद या तिघांचे एकमत झाल्यावाचून नाव उच्चारू नये, हा या छंदाचा खरा धर्म आहे.

या इतिहासात मराठी संस्थानिकांचे स्थान लहान नाही. 1908 मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची जी कसोटी झाली, तीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही रोल्स-रॉइस घाट चढून यशस्वी ठरली आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे गेली. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांची रुची तर विलक्षण आधुनिक: त्यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची एस.जे. ही शॅसी पसंत केली, बॉडी मात्र लंडनच्या गर्नी नटिंग पेढीकडून बांधून घेतली, आणि केशरी व काळ्या रंगांची, निमुळत्या शेपटाची ती गाडी आज जगातील अत्यंत मौल्यवान मोटारींत गणली जाते. रेडिएटर पाहून जो तिला निव्वळ अमेरिकन म्हणेल, त्याने लंडनच्या त्या कारागिरांवर अन्याय केला असे मी म्हणेन.

सर्वांत अवघड प्रकरणे असतात ती बॉडी बदललेल्या गाड्यांची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कित्येक भारदस्त गाड्यांच्या रुग्णवाहिका झाल्या, काही शववाहिका बनल्या. पुढे किमती चढल्यावर बंदिस्त बॉड्या उतरवून त्याच शॅसींवर जुन्या धाटणीच्या उघड्या, मोहक बॉड्या नव्याने चढवल्या गेल्या. अशी नवी बॉडी कितीही देखणी असली तरी ती मूळची म्हणून खपवणे मला गैर वाटते. झिजलेले कातडे आणि विटलेला रंग यांसह आपले मूळचे अंग शाबूत राखणारी गाडीच मी श्रेष्ठ मानतो.

संस्थानिकांचे तनखे 1971 मध्ये बंद झाले, आणि त्याच्या आधी व नंतर अनेक राजवाड्यांतल्या गाड्या हातोहात विकल्या गेल्या. कागद मात्र मागे राहिले. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, कोल्हापूर येथल्या ज्या घराण्यांत मोटारखान्याच्या जुन्या वह्या, पावत्या वा छायाचित्रे असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत, छायाचित्रांच्या पाठीवर स्थळ-काळ लिहून ठेवावा, आणि जुन्या गाडीची डागडुजी करणाऱ्यास सडके लाकूड फेकण्याआधी त्यावरचा क्रमांक उतरवून घेण्यास बजावावे.