अनवाणी डॉक्टर आणि दहा युआनचा विमा

चीनच्या प्रगतीचा विषय निघाला की गप्पांची गाडी शांघायच्या टॉवर्सवर नाहीतर बुलेट ट्रेनवर जाते. मला मात्र गेले काही दिवस वेगळाच प्रश्न पडलाय. देश झपाट्याने श्रीमंत होत होता, नेमका तेव्हाच तिथला खेड्यातला माणूस आजारी पडायला का घाबरायला लागला?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. माओच्या काळात, १९६८ पासून, ‘अनवाणी डॉक्टर’ देशभर पसरले. गावातल्याच शेतकऱ्याला काही महिन्यांचं ट्रेनिंग द्यायचं. तो लसी टोचणार, साधी औषधं देणार आणि उरलेल्या वेळात शेतात राबणार. खर्च मुख्यतः गावाच्या सामायिक उत्पन्नातून. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे ९० टक्के गावांत ही सहकारी योजना पोचली होती. उपचार अगदी साधे, पण दाराशी!

१९७८ नंतर शेती पुन्हा कुटुंबांकडे आली. पिकं वाढली, कोट्यवधी लोक गरिबीतून वर आले, हे खरंच. पण कम्यून मोडले. आमच्या भाषेत सांगायचं तर हा डिपेंडन्सीचा घोळ. आरोग्य योजना कुणी मुद्दाम डिलीट केली नाही; ती ज्यावर चालत होती तेच बंद केलं. १९८० च्या दशकाच्या मध्यात ती जेमतेम ५ टक्के गावांत उरली.

तिकडे हॉस्पिटलांचं सरकारी अनुदानही आटलं. गरिबांना परवडावं म्हणून तपासणीची फी कमी ठेवली होती, पण औषधांवर १५ टक्के नफा घ्यायला परवानगी होती. मग काय होणार? गरज असो-नसो, औषधं आणि महागड्या टेस्ट! एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा १९७८ मध्ये सुमारे २० टक्के होता, तो २००१ मध्ये ६० टक्क्यांवर गेला. शहरातल्या पक्क्या नोकरीवाल्याला विमा होता, शेतकऱ्याला रोख मोजावी लागे.

२००३ मध्ये सार्सची साथ आली. त्याच वर्षी खेड्यांसाठी नवी विमा योजना सुरू झाली. शेतकऱ्याने वर्षाला किमान १० युआन भरायचे, बाकी सरकार घालणार. २०११ पर्यंत ९५ टक्के लोकांकडे कुठला ना कुठला विमा होता. औषधांवरचा तो नफा २०१७ मध्ये बंद झाला. खिशातला वाटाही ३० टक्क्यांच्या खाली आला.

मग प्रश्न सुटला? पूर्ण नाही. २०१५ च्या सुमारास सरकारी यादीतल्या गरीब कुटुंबांपैकी ४० टक्क्यांहून जास्त आजारपणामुळे गरीब झालेली होती. रक्ताच्या कॅन्सरवरचं ग्लिव्हेक महिन्याला २३,५०० युआनला पडायचं, म्हणून चिनी पेशंट भारतातून जेनेरिक गोळ्या मागवत. २०१८ चा ‘डाइंग टू सर्व्हाइव्ह’ हा गाजलेला सिनेमा त्यावरच आहे.

आणि तो १० युआनचा हप्ता? २०२५ साठी तो माणशी ४०० झाला. अगदी गरिबांना सवलत आहे, पण बाकी सगळ्यांना सरसकट तेवढाच, मग कमाई कितीही असो. पाच माणसांच्या शेतकरी घराला २,००० युआन, आणि कुणी आजारी नसेल तर ते गेलेच असं वाटणार. काहीजण विमा सोडतायत, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

आकडेवारीत ९५ टक्के दिसतात. पण बिल हातात आल्यावर घर विकावं लागतं का, विम्याची खरी टेस्ट तीच.