डागडुजी की नवी बांधणी? हिंदू कायद्याची कथा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मंडळाच्या कार्याचा आढावा असतोच. मी मात्र आज भगिनींपुढे एक जुनी हकीकत ठेवणार आहे. जुना वाडा गळू लागला की घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, कौले चाळा. दुसरा म्हणतो, पाडून नवा बांधा. आपल्या हिंदू कायद्याच्या बाबतीत हाच वाद कित्येक वर्षे चालला, आणि त्यात पणाला लागला होता तो आपला, स्त्रियांचा, वाटा.

पूर्वी हा कायदा एका ग्रंथात नव्हताच. बंगालमध्ये दायभाग, इतरत्र बहुतेक ठिकाणी मिताक्षरा, आणि गुजरात, मुंबई व उत्तर कोकणात नीलकंठभट्टांच्या मयूखाला मान. त्यावर जातीजातींच्या रूढी आणि कोर्टांचे निवाडे. एकाच नात्याच्या स्त्रीला एका प्रांतात वारसा मिळे, दुसऱ्यात मिळत नसे.

प्रथम डागडुजी झाली. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने 1937 साली कायदा झाला. पतीच्या स्वतंत्र मिळकतीत विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, आणि एकत्र कुटुंबातील पतीचा हिस्साही तिच्याकडे आला. पण तो केवळ हयातीपुरता. कायदेशीर गरजेवाचून तिला तो विकता येत नसे. मुलींना तर त्यात काहीच नव्हते. पुढे 1941 साली फेडरल कोर्टाने ठरवले की प्रांतांतील शेतजमिनीला हा कायदा लागूच होत नाही. ज्या देशात बहुतेकांची मिळकत म्हणजे जमीन, तेथे विधवेच्या पदरात काय पडले, हे आपण जाणताच. एक कौल बदलावे तर दुसरीकडे गळती, अशी गत झाली.

हे दोष पाहण्यासाठी त्याच वर्षी सर बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य घारपुरे हेही तिचे सभासद होते. समितीने मत दिले की असे तुकड्यातुकड्यांचे कायदे पुरे झाले. संपूर्ण संहिताच करावी, मात्र ती टप्प्याटप्प्याने. मला या मतातील दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंत्री या नात्याने हे बिल हाती घेतले. राव समितीने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सुचवला होता. 1948 साली प्रवर समितीत तो मुलाच्या बरोबरीचा झाला. जन्मतः मिळणारा पुरुषांचा मालकीहक्कही बिलाने काढून टाकला होता. एवढी मोठी नवी बांधणी एकदम करायची म्हणताच चहूकडून विरोध उसळला. विवाह, घटस्फोट, दत्तक, वारसा यांतील ज्याला जे खुपे, तो सबंध बिलाला विरोध करी. अखेर बिल रखडले आणि 1951 च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी राजीनामा दिला. त्याच्या कारणांत या बिलाची झालेली गत हे एक प्रमुख कारण होते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर त्याच बिलाचे भाग करून चार कायदे झाले. 1955 साली विवाहाचा; 1956 साली वारशाचा, अज्ञानत्व व पालकत्वाचा, आणि दत्तक व पोटगीचा. विधवेच्या हयातीपुरत्या मालकीचे बहुतांशी पूर्ण मालकीत रूपांतर झाले, हा केवढा लाभ! पण वाटेत एक खोली तशीच राहिली. वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क मुलांनाच राहिला. महाराष्ट्राने 1994 साली तो मुलींना दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. साऱ्या देशासाठी तो 2005 साली आला, आणि वडील त्या वेळी हयात असणे जरूर नाही, हा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली केला. बाबासाहेबांच्या बिलात मुलीला मिळालेली बरोबरी पुरी व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

मग खरे कोण? मला वाटते, नकाशा सबंध घराचा हवा आणि बांधकाम एकेका खोलीचे. नकाशा नसता तर 1937 सारखीच ठिगळे लागत राहिली असती. सारे एकदमच हवे असा हट्ट राहता तर 1956 ही हाती आले नसते. मात्र 'पुढे पाहू' म्हणून ठेवलेले काम आपोआप होत नाही. त्याची आठवण ठेवणारे कोणीतरी लागते.

अजूनही एक खोली राहिली आहे. निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांचा हक्क येतो. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. भगिनींनो, मृत्युपत्र करणे मात्र आपल्या हाती आहे. आणि माहेरी हक्कसोडपत्र पुढे आले, तर सही करण्यापूर्वी ते सावकाश वाचावे. मग द्यावे की ठेवावे, हे जिचे तिने ठरवावे. तेवढा अधिकार मिळवण्यासाठीच तर ही सारी खटपट झाली.