छऱ्याची बंदूक : एक विस्मृत शिक्षणसाधन

कोकणातील जुन्या घरांच्या माळ्यावर काय सापडेल याचा नेम नसतो. तांब्याची घागर, पितळी समई, आजोबांची छत्री, दप्तरात बांधलेल्या पोथ्या अशा वस्तू आपण आदराने खाली उतरवितो, पुसतो आणि चार माणसांस दाखवितो. परंतु त्यांच्याच शेजारी कोपऱ्यात उभी असलेली, लाकडी दस्त्याची व गंजक्या नळीची छऱ्याची बंदूक मात्र ‘पोरांचे खेळणे’ म्हणून भंगारवाल्याच्या तराजूत जाते. गेल्या काही वर्षांत रत्नागिरी, संगमेश्वर व राजापूर या तालुक्यांत अशा अनेक बंदुका नाहीशा होताना आम्ही पाहिल्या. त्यांतील काही बंदुका निव्वळ खेळणी नव्हत्या. त्या शिकविण्यासाठी घडविलेल्या होत्या, आणि ज्याने आयुष्यभर शिकविण्याचेच काम केले त्याने त्यांची बाजू मांडावी हे आम्हांस उचित वाटते.

प्रथम या यंत्राची घडण पाहू. छऱ्याच्या बंदुकीत दारू नसते. नळी मोडून अथवा तरफ ओढून आपण आतील पोलादी स्प्रिंग दाबतो. चाप ओढताच ती सुटते व दट्ट्यास पुढे ढकलते. दट्ट्याच्या तोंडाशी असलेले चामडी वॉशर हवा कोंडून दाबते, आणि त्या दाबाने शिशाचा छर्रा बाहेर पडतो. स्प्रिंगची ही युक्ती निघण्यापूर्वीही हवेवर चालणारी शस्त्रे होती. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरांदोनी नावाच्या कारागिराची हवाई बंदूक प्रत्यक्ष युद्धासाठी स्वीकारली होती. तिच्या दस्त्यातील टाकीत पंपाने हवा भरावी लागे, व एका भरण्यास सुमारे पंधराशे हिसके मारावे लागत. ते शस्त्र रणांगणावर फार काळ टिकले नाही. हवेच्या बंदुकीस तिचे खरे काम पुढे शाळेच्या पटांगणावर मिळाले.

हे काम तिला इंग्रजांच्या एका नामुष्कीतून मिळाले. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) नेम अचूक असलेल्या शेतकऱ्यांनी इंग्रजी फौजेस जेरीस आणले. तेव्हा सामान्य नागरिकांस नेमबाजी शिकविली पाहिजे, असा प्रचार लॉर्ड रॉबर्ट्स यांनी इंग्लंडात चालविला. गावोगावी लहान बोअरच्या रायफलींची मंडळे निघाली. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याने लिंकन जेफरीज याच्या पेटंटावर आधारलेल्या हवाई रायफली काढल्या, आणि १९०७ च्या सुमारास सैनिकाच्या ली-एनफील्डसारखी दिसणारी लष्करी धर्तीची हवाई रायफलही तयार केली. दिसणे व हाताळणे खऱ्या रायफलीचे, आणि खर्च व धोका मात्र अल्प, असा तिचा हेतू होता. ती फारशी खपली नाही. म्हणूनच आज संग्राहक तिच्या शोधात असतात.

जर्मनीत हीच कल्पना अधिक पुढे गेली. १९१९ च्या व्हर्साय तहाने जर्मन सैन्य एक लाखावर मर्यादित केले, व शाळांनी आणि नेमबाजी मंडळांनी लष्करी बाबींत पडू नये असाही निर्बंध घातला. अशा काळात झूल गावच्या हेनेल कारखान्याने ह्यूगो श्मायसर याच्या रचनेची ३३ क्रमांकाची हवाई रायफल काढली. ती माउझर सैनिकी रायफलीसारखी दिसे, आणि बोल्टचा दांडा मागे ओढूनच तिची स्प्रिंग चढे. तीत ४.४ मिलिमीटरच्या गोल गोळ्या जात. चेकोस्लोव्हाकियाच्या सैन्यानेही १९३५ च्या नमुन्याची अशीच शिकाऊ रायफल घेतली. जर्मनीतील या बंदुका पुढे हिटलरच्या युवक संघटनेच्या हाती पडल्या, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. साधन सारखेच असते. शिकविणारा कोणत्या हेतूने शिकवितो यावर त्याचे पुण्य-पाप ठरते.

आता आपल्याकडे वळू. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत दक्षिण कोकणातील तरुण मोठ्या संख्येने भरती होत. दापोलीस तर लष्करी ठाणेच होते, व ‘कॅंप’ हा शब्द त्या गावाच्या नावाशी अद्याप जोडलेला आहे. अशा प्रांतातही लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरविले, आणि गोऱ्यांस मात्र त्यातून वगळले. या कायद्यात बदल व्हावा अशी मागणी राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात केली होती. पिढ्यान् पिढ्या हातास शस्त्राची ओळख न राहिल्याने दोन टोकांच्या वृत्ती बळावल्या, असे आम्हांस वाटते. काहींस बंदुकीचे भय वाटे, काहींस भलतेच आकर्षण. या दोहोंवर शिस्तबद्ध शिक्षण हाच उपाय होता.

तो उपाय अनेकांनी आपापल्या परीने केला. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिक येथे भोसला सैनिकी विद्यालय काढले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वात आली व २२ बोअरची रायफल विद्यार्थ्यांच्या हाती आली. १९६१ मध्ये साताऱ्यास देशातील पहिली सैनिक शाळा निघाली. या कार्यात रत्नागिरीचा वाटा किती मोठा आहे, हे आपल्या तरुण पिढीस क्वचितच ठाऊक असते. आझाद हिंद सेनेतील जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडीकडील तिरोड्याचे. १९५२ मध्ये ते उत्तर रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून गेले, आणि १९५४ मध्ये त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांचे मूळ घराणे संगमेश्वराजवळील मावळंगे गावचे, आणि त्यांचे आरंभीचे काही शिक्षण राजापुरास झालेले. १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली ती त्यांच्याच पुढाकाराने, व तिचे पहिले अध्यक्षही तेच होते. संसदेत शब्दांची शिस्त राखणाऱ्या गृहस्थास नेमबाजीचीही शिस्त जोपासावी वाटली, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. त्यांच्या नावाची अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा पुढे अनेक नवोदितांचा उंबरठा ठरली.

त्या बीजाची फळे आपण पाहिली आहेत. हवेच्या रायफलीची दहा मीटरची स्पर्धा १९८४ मध्ये ऑलिंपिकात आली. तिच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. २००० मध्ये सिडनी येथे याच प्रकारात अंजली भागवत अंतिम फेरीत पोहोचल्या, आणि २००८ मध्ये अभिनव बिंद्रा यांनी बीजिंगला सुवर्णपदक मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस येथे पन्नास मीटरच्या रायफल प्रकारात कांस्यपदक आणले. माळ्यावरची गंजकी बंदूक या परंपरेतील जुनी पाटी-पेन्सिल होय.

म्हणून ती पाटी कशी जतन करावी, हे थोडक्यात सांगतो. बंदूक हाती येताच ती भरलेली आहे असे समजूनच वागावे, व नळी कोणाच्याही दिशेने धरू नये. नंतर तिच्यावरील खुणा वाचाव्यात. बी. एस. ए.च्या मालावर एकमेकींस टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असतात. जर्मनीच्या डायना कारखान्याच्या मुद्रेत धनुष्यबाण फेकून देऊन हवेची बंदूक उंच धरणारी देवी असते. मुंबईच्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीनेही हवाई रायफली बनविल्या आहेत, व आपल्या देशी कारागिरीचा नमुना म्हणून त्यांचे मोल कमी नाही. खुणा, क्रमांक, नळीची लांबी या सर्वांची नोंद करून छायाचित्र घ्यावे, आणि मगच हत्यार लावावे.

आमच्या परिचयातील एका घरी हौशी कारागिराने काचकागदाने बंदूक घासून आरशासारखी चकचकीत केली. गंज गेला, पण त्याबरोबर क्रमांकही गेला, कारखान्याची मुद्राही गेली, आणि ती बंदूक कोठली व कधीची हे सांगणारा पुरावा कायमचा पुसला गेला. गंज काढण्यास रॉकेल अथवा पातळ तेल, मऊ पितळी ब्रश आणि भरपूर सबुरी एवढे पुरे. दस्ता रंध्याने तासू नये. त्यावर कोरलेले नाव व पडलेले चरे हाही इतिहासच होय. कोरड्या पडलेल्या लाकडास जवसाचे तेल पातळ हाताने चोळावे. आतील स्प्रिंग दाबलेली असते, ती शिकंजावाचून उघडल्यास हात वा डोळा जायचा. ते काम जाणत्याकडूनच करून घ्यावे. चामडी वॉशर सुकले असेल तर ते बदलण्यापूर्वी चाप ओढून पाहू नये. दट्ट्यापुढे तेल ओतण्याची सवय तर सर्वथा टाळावी, कारण दाबलेली हवा तापून ते तेल आत पेटते व यंत्र बिघडते. नवा भाग बसविला तरी जुना भाग पुडीत बांधून, चिठ्ठी लावून जपून ठेवावा.

रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि समुद्राचा खारा वारा बारमाही. चामड्याच्या अथवा कापडी पिशवीत बंद केलेली बंदूक येथे एका पावसाळ्यात गंजते. ती भिंतीपासून दूर, वारा लागेल अशा कपाटात ठेवावी, वाळवीवर लक्ष असावे, आणि श्रावणात एकदा तरी तेलाचा हात फिरवावा.

कायद्याचेही भान हवे. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा आला. १९६२ पासूनच्या व्यवस्थेत देवदाराच्या इंचभर जाड फळीवर पाच फुटांवरून छर्रे मारून हवाई बंदुकीची शक्ती तपासण्याची कसोटी होती. २०१६ च्या नियमांनुसार ०.१७७ इंचाहून मोठी नळी अथवा वीस ज्यूलहून अधिक शक्ती असल्यास परवाना लागतो. जुन्या २२ बोअरच्या हवाई बंदुकीही या मर्यादेबाहेर पडतात. शंका असल्यास पोलीस ठाण्यात जाऊन विचारावे. लपवून ठेवलेली वस्तू वारसा होत नाही. पक्ष्यांवर छर्रे झाडण्यासाठी तर ती मुळीच नव्हे, हे मुलांस पहिल्याच दिवशी सांगावे.

आपल्या संघाच्या सभासद कुटुंबांस आमची विनंती एवढीच आहे. दिवाळीत माळा झाडताना अशी एखादी बंदूक आढळली, तर ती कोणी आणली, मुंबईहून की आफ्रिकेहून, कोणत्या साली आणि कोणाच्या हाती ती होती, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून एका कागदावर लिहून ठेवावे. लोखंडाचे दुखणे पुष्कळदा बरे करता येते. पण सांगणारे माणूस गेले म्हणजे ती नोंद पुन्हा मिळत नाही, म्हणून कागद आधी करावा व तेल मागाहून लावावे.