पाच वाक्यांचं पत्र

परवा नात नागपूरहून आली होती. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅपटॉप पुढे करून म्हणाली, "आबा, हे वाचा. पाचच वाक्यं आहेत." वाचलं, आणि दोन दिवस डोक्यातून गेलं नाही.

जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकन नियतकालिकात, पत्रव्यवहाराच्या पानावर, ते छापून आलं होतं. लिहिणारे बोस्टनचे जेन पोर्टर आणि डॉ. हर्शेल जिक. रुग्णालयात असताना अफूच्या जातीचं वेदनाशामक किमान एकदा मिळालेले ११,८८२ रुग्ण त्यांनी नोंदींवरून पाहिले. आधी व्यसन नसलेल्यांत नव्याने व्यसन लागल्याची नीट नोंद फक्त चौघांची सापडली. बस्स, एवढंच. घरी गेल्यावर काय झालं, महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांचं काय होतं, याबद्दल अक्षर नाही. मथळा मात्र असा, की या औषधांनी उपचार केलेल्यांत व्यसन विरळाच. त्यात रुग्णालयाचा उल्लेख नाही. मला तर वाटतं, पुढे दाखला देणाऱ्या कित्येकांनी मथळाच वाचला असावा!

२०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी मोजदाद केली. या पत्राचा दाखला ६०८ वेळा दिला गेला होता. त्याच सुमारास तिथेच आलेल्या इतर अकरा पत्रांच्या वाट्याला साधारण अकरा-अकराच दाखले. ६०८ पैकी ४३९ ठिकाणी ते 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून वापरलं होतं आणि ४९१ ठिकाणी हे रुग्ण दवाखान्यात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. दाखले वाढले कधी? तर १९९५ मध्ये ऑक्सिकॉन्टिन या गोळीला परवानगी मिळाल्यानंतर. ती विकणाऱ्या पर्ड्यू कंपनीने २००७ साली व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याचं कोर्टात कबूल केलं. तोवर माणसं मरू लागली होती, पुढे तो आकडा लाखांत गेला. डॉ. जिक यांनाही उतारवयात या पत्राचा पस्तावा झाला.

म्हणजे दाखला मिळायला संशोधन पक्कंच हवं असं नाही. छापणारं नाव मोठं हवं, सांगणं आटोपशीर हवं आणि ते कुणाच्या तरी सोयीचं हवं. पुढचे मग एकमेकांचं बघून उतरवतात.

आमच्या बोरगावहून सेवाग्राम जवळच. तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी वर्ध्याच्या खेड्यांतली पोरं तंबाखूकडे कशी वळतात हे गावात जाऊन, पोरांशी बोलून तपासलं. ते २००८ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये आलं. नात म्हणाली, "असलं काम कोणाची गोळी विकायला कामी येत नाही ना, आबा." खर्रा तर पानठेल्यावर अजूनही घोटला जातोच.

आता माझंही सांगतो. आपला जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे दर २ ऑक्टोबरला शाळेत व्यसनमुक्तीवर भाषण माझ्याकडेच. एका पुस्तिकेतला आकडा मी वीसेक वर्षं ठणकावून सांगितला. एकदा आठवीतल्या पोराने विचारलं, "सर, हे मोजलं कोणी?" मी त्याला खाली बसवलं. बाकीची पोरं हसली. त्या आकड्यावर इतर शिक्षकांनीही भाषणं केली, माझं ऐकून.

काल ती पुस्तिका कपाटातून काढली. आकडा आहे. खाली कोणाचंच नाव नाही.