नाताळवृक्षाची पाठवणी

नाताळवृक्ष घरात कसा आला, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो घराबाहेर कसा गेला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वास्तविक त्याच्या आगमनाइतकाच त्याच्या पाठवणीचा इतिहासही बोलका आहे.

अल्सास प्रांतातील सेलेस्ता या गावाच्या १५२१ सालच्या हिशेबवहीत नाताळच्या झाडांसाठी रान राखणाऱ्या रखवालदारांना पैसे दिल्याची नोंद आढळते. झाडे नेणाऱ्यांची संख्या तेव्हाच बरीच वाढली असली पाहिजे. नाहीतर पहाऱ्याचे कारण काय? जवळच्याच स्ट्रासबुर्ग शहरातील १६०५ सालचे एक वर्णन उपलब्ध आहे. त्यात झाडाला कागदी गुलाब, सफरचंदे, साखरेचा खाऊ आणि होस्तियेची आठवण करून देणाऱ्या पातळ पोळ्या टांगल्याचा उल्लेख आहे. म्हणजे बरीचशी आरास खाण्याजोगीच होती! सण सरताच मुलांनी ती फस्त केली की मागे उरे ते केवळ लाकूड.

स्वीडनमध्ये तर या पाठवणीलाही सणाचे रूप आले. १३ जानेवारी या संत क्नूट यांच्या दिवशी मुले झाडावरचा खाऊ ‘लुटतात’, झाडाभोवती फेर धरतात आणि मग ते बाहेर काढतात. देश लुथरपंथी झाला, तरी निरोपाच्या दिवसाला संताचे नाव मात्र चिकटून राहिले! अन्यत्र कोठे तीन राजांच्या सणाला, तर कोठे २ फेब्रुवारीस, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, हिरवी आरास उतरवीत. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांचे पुढे काय करावे, हे आपणांस ठाऊक आहे. त्यांचीच राख आपण राखेच्या बुधवारी कपाळी लावतो. नाताळवृक्षासाठी असा विधी नव्हता. ती उणीव लोकाचाराने भरून काढली होती.

ही व्यवस्था मोडली ती कारखान्यातील सजावटीने. विसाव्या शतकात शिशाच्या चकचकीत पट्ट्या झाडावर लोंबू लागल्या. शिसे विषारी, अमेरिकेत १९७२ च्या सुमारास त्या बाजारातून गेल्या आणि त्यांची जागा प्लॅस्टिकने घेतली. असे झाड धड जाळता येत नाही, धड मातीत कुजवता येत नाही. एका वर्षी चर्चच्या आवारातील सुरूच्या फांद्या, थर्माकोलचा गोठा आणि झिरमिळ्या मी एकत्रच पेटवायला सांगितल्या होत्या. त्या काळ्या धुराचा वास अद्याप विसरलो नाही.

या मोडलेल्या व्यवस्थेची डागडुजी मला अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात दिसते. तेथे जिल्ह्याला ‘पॅरिश’, म्हणजे धर्मग्राम, म्हणतात. स्पॅनिश अमदानीतील धर्मग्रामांच्याच आधारे १८०७ साली ही सरकारी विभागणी झाली. वसई तालुक्याचे सरकारी नाव संत गोन्सालो गार्सिया असावे, तसा हा प्रकार! मिसिसिपी नदीच्या गाळाने घडलेला हा प्रदेश आता समुद्र गिळतो आहे. १९२७ च्या महापुरानंतर नदीला भक्कम बांध घातले गेले. गाळ पाणथळीत पसरेनासा झाला. तेलासाठी खोदलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरले आणि गवत मेले. १९३२ ते २०१६ या काळात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर भूमी नाहीशी झाली.

उथळ पाण्यात काटक्यांचे कुंपण घालून गाळ अडवण्याची रीत डच लोकांत जुनी आहे. लुईझियानात त्याच तत्त्वावर, खांब रोवून केलेल्या कोंडाळ्यांत नाताळची झाडे भरली जाऊ लागली. लाटेचा जोर फांद्यांत मोडतो, मागच्या शांत पाण्यात गाळ बसतो आणि त्यावर गवत रुजू शकते. जेफरसन पॅरिशमध्ये १९९० च्या दशकात हे काम सुरू झाले. न्यू ऑर्लीन्स शहराच्या हद्दीतील बायू सोवाज अभयारण्यात तर लष्करी हेलिकॉप्टर झाडांच्या मोळ्या उचलून पाणथळीत सोडतात.

अट मात्र कडक आहे. झाड खरे हवे. रंग अथवा कृत्रिम बर्फ फवारलेले चालत नाही. दिवे, तारा, झिरमिळ्या, खालचा स्टँड, सर्व घरीच काढून ठेवावे लागते. काही वर्षांत झाडे पाण्यात कुजून जातात आणि कोंडाळी रिती होतात. म्हणून ती पुन्हा भरण्यासाठी जानेवारीत नवी झाडे लागतात.