यंत्र आपले, दुभाषा परक्याचा



संगणकाच्या पडद्यावर जे चित्र उमटते, ते उमटवण्याचे काम आतले ग्राफिक्स कार्ड करते. परंतु त्याला हुकूम कोणत्या भाषेत द्यावा हे जाणणारा दुभाषा लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषा कोणाच्या चाकरीत असावा, यंत्राच्या मालकाच्या की कारखानदाराच्या, यावरून सुमारे पाव शतक चाललेल्या झगड्याचा हा इतिहास आहे.

झगड्याचे बीज मात्र त्याहून जुने. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या छपाईयंत्रात एक साधी सोय करावयाची होती: कागद अडकला की यंत्राने तसे कळवावे. त्यासाठी लागणारी मूळ आज्ञावली त्यांना नाकारण्यात आली. आज्ञावली कोणालाही वाचता, सुधारता व वाटता आली पाहिजे, या आग्रहाने त्यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. पुढे १९९१ साली हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि मुक्त प्रणाली घरोघरच्या यंत्रांवर चालू लागली.

या मुक्त घरात एनव्हिडिया कंपनीचा ड्रायव्हर आला तो कुलूपबंद पेटीसारखा. व्यापारी गुपिते जपण्याचा कंपनीचा हक्क आपण मान्य करू. पेटीतला ड्रायव्हर वेगवान होता, आणि लोकांनी तो आनंदाने घेतला, हेही खरे. मग बिघडले कोठे?

लिनक्सचा गाभा सतत बदलतो. गाभ्यात सामावलेल्या ड्रायव्हरची दुरुस्ती बदल करणारेच करतात; बंद पेटीला त्यांचा हात लागू शकत नाही. म्हणून गाभा नवा झाला, की कधी कधी पडदा काळा! असा ड्रायव्हर चढवला की गाभा स्वतःवर 'डागाळलेला' अशी खूण करतो, आणि पुढच्या बिघाडाचे निदान करण्यास जाणकार सहसा तयार होत नाहीत. २००६ च्या ऑक्टोबरात रॅपिड७ या संस्थेने दाखवून दिले, की या ड्रायव्हरमधील एका दोषामुळे परक्यालाही यंत्राचा संपूर्ण ताबा मिळू शकतो. मूळ आज्ञावलीच हाती नसल्याने कंपनीवाचून ते भोक बुजवणे कोणास शक्य होते?

सर्वांत मोठी हानी मात्र कालांतराने दिसते. २००६ साली निघालेल्या जीफोर्स ८ मालिकेच्या कार्डांचा सांभाळ कंपनीने २०१९ च्या अखेरीस थांबवला. कार्डे धडधाकट होती. त्यांचा दुभाषा तेवढा मुका झाला.

यावर दोन उपाय झाले. 'नूवो' प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी कार्डाचे वर्तन निरखून मुक्त ड्रायव्हर रचला. २०१० साली तो गाभ्यासोबत येऊ लागला. परंतु २०१४ नंतरच्या कार्डांत कंपनीची सही असलेलीच अंतर्गत आज्ञावली चालेल असा बंदोबस्त झाला, आणि नूवोला कार्डाचा पूर्ण वेग मिळेना. दुसरा मार्ग एएमडीचा. तिने २००७ पासून कार्डांची तांत्रिक माहिती खुली केली. त्यामुळे कंपनीने लक्ष काढलेल्या जुन्या कार्डांचेही ड्रायव्हर स्वयंसेवक सांभाळत राहिले.

दरम्यान २००८ साली शंभराहून अधिक गाभाकारांनी बंद ड्रायव्हर अपायकारक असल्याचे संयुक्त निवेदन काढले. २०१२ साली फिनलंडमधील एका सभेत टॉरव्हाल्ड्स यांनी एनव्हिडियाला सर्वांदेखत शेलक्या शब्दांत सुनावले. अखेर मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा गाभ्यात बसणारा भाग खुला केला. पण तो नव्या कार्डांपुरता. शिवाय बरेचसे काम कार्डातल्या बंद आज्ञावलीकडेच राहिले. देवडीचे दार उघडले, माजघराचे कुलूप तसेच आहे.

तात्पर्य, वस्तूची किंमत मोजल्याने ती वस्तू आपली होते, तिचे आयुष्य आपल्या हाती येतेच असे नाही. कार्ड विकत घेताना त्याचा वेग आपण विचारतोच. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा: कारखानदाराने पाठ फिरवली, तर हे दुरुस्त करण्याची मुभा कोणाला आहे?